शाळेचा स्वयंपाक आणि हातातील बांगड्या

शाळेतील मुलांस दुपारचे अन्न देण्याची योजना केंद्र सरकारने १९९५ साली सुरू केली. पुढे मुलांस शिजविलेले अन्न मिळू लागले आणि महाराष्ट्रात पुष्कळ गावी ते काम गावातील स्त्रियांच्या व बचतगटांच्या हाती आले. घरी चारपाच माणसांचा स्वयंपाक करणे निराळे आणि शंभर मुलांची खिचडी रांधणे निराळे. घरची चूक एका कुटुंबास भोवते. येथे ती साऱ्या शाळेस भोवेल.

भांडी घासली आहेत की नाहीत हे सर्वजण पाहतात, हात मात्र कोणी पाहत नाही. अंगठीखालची कातडी ओलसर राहते. कणीक तेथे चिकटून बसते व साबण लावूनही निघत नाही. निरोगी माणसाच्या नाकात व त्वचेवरही स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू पुष्कळदा असतात. पिकलेल्या जखमेत तर ते विपुल असतात. शिजलेल्या अन्नात ते पडले आणि अन्न काही तास कोमट राहिले, की त्यात विष तयार होते. पुन्हा उकळी आणली तरी हे विष नाहीसे होत नाही. म्हणून बोट पिकलेल्या बाईने अन्नास हात लावू नये. तिचा त्या दिवसाचा मोबदला मात्र कापू नये. नाहीतर पुढील वेळी ती जखम लपवील.

काचेच्या बांगडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अन्न हाताळणाऱ्यांनी अंगठ्या, बांगड्या व दागिने घालू नयेत, असे अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत सांगितले आहे. कामात बांगडी वाढली आणि तिचा तुकडा पातेल्यात पडला, तर तो खिचडीत दिसतही नाही. तथापि सुवासिनीस ‘बांगड्या उतरव’ असे फर्माविणाऱ्या कार्यकर्त्याचे कोणी ऐकणार नाही, आणि तिचा राग गैर आहे असेही आम्हांस वाटत नाही. प्रथम गटातील वडीलधाऱ्या बाईस काचेच्या तुकड्याची गोष्ट समजावून सांगावी. तिने उतरविल्या म्हणजे इतरजणींचा संकोच जाईल. मंगळसूत्राविषयी हट्ट धरू नये. ते पोलक्याच्या आत घ्यावे व वर एप्रन बांधावा.

हात धुण्यास पाणी व साबण चुलीपासून दूर नसावा. शौचाहून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, पैसे मोजल्यावर निदान वीस सेकंद हात चोळून धुवावेत. बेचक्या व नखे विसरू नयेत.

उतरविलेल्या बांगड्या ठेवावयाच्या कोठे, ही अडचण खरी आहे. प्रत्येकीस झाकणाची एक डबी द्यावी, त्या डब्या कुलपाच्या पेटीत ठेवाव्यात आणि किल्ली गटातीलच एकीकडे असावी. भांडी घासून झाली, की बांगड्या पुन्हा हातांत चढवून बायका घरी जातील.