तपासणीचा कागद कोणाचा?

ताप उतरत नाही, थकवा जात नाही, की डॉक्टर म्हणतात, "रक्त तपासून घ्या." मग आपण तालुक्याला लॅबमध्ये जातो. लॅब म्हणजे रक्त, लघवी, थुंकी तपासण्याची जागा. तेथला माणूस दंडाला पट्टा आवळतो, सुई टोचतो, नळीत रक्त घेतो. कागद पुढे करून म्हणतो, "इथं सही करा." आपण सही करतो आणि घरी येतो.

सही कशावर केली? हे पुष्कळांना सांगता येत नाही. अंगठा उठवत होतो तेव्हा वाचता येत नव्हते. आता वाचता येते. तेव्हा वाचूनच सही करावी. कागद इंग्रजीत असला तर "मराठीत समजावून सांगा" म्हणावे. त्यात लाज कसली? शिकल्यासवरलेल्यांनाही तो कागद धड कळत नाही.

सुई टोचण्याआधी विचारावे, "दादा, हे रक्त कशापायी घेता? काय काय तपासणार?" रक्तावरून पुष्कळ गोष्टी कळतात. साखर कळते, कावीळ कळते, एचआयव्हीची लागणही कळते. म्हणून साखरेसाठी दिलेल्या रक्ताची भलतीच तपासणी आपल्याला न विचारता करू नये. आपण समजून-उमजून 'हो' म्हणतो, त्याला संमती म्हणतात. न समजता मान हलवली, तर ती संमती नव्हे.

एचआयव्हीबाबत तर कायदाच आहे. एचआयव्ही हे रोगाचे जंतू. औषध घेतले नाही, तर त्यांच्यामुळे पुढे एड्स होतो. आपल्या देशात ही लागण प्रथम 1986 साली आढळली. एकत्र जेवल्याने किंवा हात लावल्याने ती होत नाही. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? नाव फुटले की त्या माणसाचे ताट वेगळे, पाण्याचा तांब्या वेगळा. कामावरून काढले ते निराळेच. या धास्तीने लोक तपासणीलाच जाईनात. तपासणी नाही, म्हणून औषध नाही. रोग आतल्या आत वाढत गेला. बोभाट्याने माणसे मरतात ती अशी.

म्हणून संसदेने 2017 साली कायदा केला. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. एचआयव्हीची तपासणी करण्याआधी माणसाला नीट समजावून सांगावे आणि त्याची संमती घ्यावी, असे हा कायदा सांगतो. तपासणीत काय निघाले ते त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगू नये. नोकरी देण्यासाठी किंवा शाळेत घेण्यासाठी ही तपासणी करून आणण्याची अट घालता येत नाही.

याला अपवादही आहेत. कोर्टाचा हुकूम असला तर गोष्ट वेगळी. रक्तपेढीत दान केलेले रक्त तर तपासावेच लागते, कारण ते दुसऱ्याच्या अंगात जाणार असते. नवऱ्याला लागण आहे आणि समजावूनही तो बायकोला सांगत नाही, तिला मात्र धोका आहे, अशा वेळी डॉक्टर त्याला आधी कल्पना देऊन तिला सांगू शकतात. आम्हाला हे योग्यच वाटते. तिच्याही जिवाचा प्रश्न असतो. क्षयरोगाची नोंद सरकारला कळवणे 2012 पासून बंधनकारक आहे. पण सरकारला कळवणे वेगळे आणि चावडीवर सांगणे वेगळे.

आता मोबाईलचे बघा. पुष्कळ लॅब रिपोर्ट फोनवर पाठवतात. आपल्याकडे फोन नसला, की आपण पुतण्याचा नाही तर किराणा दुकानदाराचा नंबर लिहून देतो. मग आपल्या आधी रिपोर्ट तोच वाचतो. दुकानात बसलेले चारजण ऐकतात. यात लॅबवाल्याला बोल लावता येत नाही. असा नंबर देऊच नये. "कागद मीच न्यायला येईन, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका," असे स्पष्ट सांगावे.

बायांचे तर आणखी अवघड. तपासणी सुनेची आणि कागद सासूच्या हाती! गरोदरपणात एचआयव्ही तपासून घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आईला लागण असून औषध घेतले नाही, तर शंभरातील 15 ते 45 बाळांना ती होऊ शकते. औषध वेळेवर चालू केले, तर हा आकडा 5 च्या खाली येतो. पण निकाल आधी त्या बाईलाच, एकटीला बसवून सांगितला पाहिजे. घरच्यांना केव्हा आणि कसे सांगायचे, हे तिला ठरवू द्यावे. सरकारी दवाखान्यातील समुपदेशक, म्हणजे सल्ला देणारी ताई किंवा दादा, यात तिला मदत करतात. ही तपासणी आणि पुढची औषधे तेथे फुकट मिळतात.

कोणी आपला निकाल फोडला, तर गप्प बसू नये. एचआयव्हीच्या तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात लोकपाल नेमावा, असे कायद्यात आहे. तक्रार लेखी द्यावी, तारीख घालावी, एक नक्कल आपल्याजवळ ठेवावी. काही विचारायचे असेल, तर 1097 या नंबरवर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.