सावरायचं तर दरीकडे झुका

स्कीला ब्रेक नसतो, हँडल नसतं, आणि ती पायाला बांधून जिथे उभं राहायचं तिथे आधाराला धरण्यासारखंही काही नसतं. हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून गुलमर्गला गेलेली मंडळी पहिल्या सकाळी भाड्याच्या बुटांत कसेबसे पाय कोंबतात, त्या लांबलचक गुळगुळीत पट्ट्या अडकवतात आणि सगळ्यात आधी एकच विचारतात : थांबायचं कसं? त्यावर प्रशिक्षक ओरडतो, ‘आगे झुको साहब, आगे!’ समोर उतार, पाय आधीच निसटताहेत, आणि हा माणूस पुढे झुकायला सांगतोय?

हो. आणि तो अगदी बरोबर सांगतोय. सुट्टीत चार दिवस स्कीइंग करणाऱ्या माणसाचं अडतं ते बहुतेक वेळा इथेच. ताकद पुरेशी असते, हिंमतही असते. पण शरीराला जे सुरक्षित वाटतं, नेमकं तेच स्कीला निकामी करतं. असं का होतं, ते पाहू या.

आधी घसरणीचंच कोडं. बर्फावरून माणूस का घसरतो? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असं मानत की वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि आपण त्या पाण्यावरून सरकतो. ऐकायला छान वाटतं, पण हिशेब करून बघा. सत्तर किलोचा माणूस दोन स्कींवर पसरला, तर त्याच्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकाही खाली येत नाही! मग पाणी येतं कुठून? बोडन आणि ह्यूज हे दोन संशोधक स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखच्या बर्फाच्या गुहेत प्रयोग करत होते. १९३९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मुख्य कारण दाब नाही, घर्षण आहे. स्की घासते, उष्णता निर्माण होते, आणि बर्फाचा केसाहूनही कितीतरी पातळ असा वरचा थर वितळतो. म्हणजे तुम्ही ज्यावरून घसरता ते वंगण तुम्हीच, घसरता घसरता, तयार करत असता. कडाक्याच्या, उणे तीस अंशांच्या थंडीत हे वंगण पुरेसं तयार होत नाही, आणि तिथे हिम वाळूसारखं अडवू लागतं.

ठीक, घसरलो. पण वळायचं कसं?

भाड्याच्या दुकानात स्की हातात आली की ती आडवी धरून नीट पाहा. ती सरळ पट्टी नसते. पुढे रुंद, मध्ये बारीक, मागे पुन्हा रुंद. कुणीतरी दोन्ही टोकांना धरून ताणलेला डमरूच. या कमरेतच सगळी जादू आहे.

विश्वास बसत नसेल तर घरी जुनी लग्नपत्रिका शोधा. तिची वीतभर पट्टी कापा आणि दोन्ही बाजू मध्ये किंचित आत घ्या. आता ही पट्टी टेबलावर एका कडेवर तिरकी धरा. काय दिसतं? फक्त दोन टोकं टेबलाला टेकली आहेत, मधली कड हवेत आहे. बोटाने मध्यभाग दाबा. पट्टी वाकते, मधली कडही टेबलाला लागते, आणि लागते ती सरळ रेषेत नाही, तर एका सुंदर कमानीत! स्कीचं नेमकं हेच होतं. स्की कडेवर तिरकी करा, वर उभे राहा, तुमचं वजन तिला वाकवतं, आणि ती त्या कमानीवरून धावू लागते. तिला ‘वळवावं’ लागत नाही. ती आधीच वळलेली असते.

आणि जितकी जास्त तिरकी, तितकं वळण घट्ट. समजा, एखाद्या स्कीच्या बाजूची कमान १४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे. टणक बर्फावर ती ६० अंशांत तिरकी केली, तर वळणाची त्रिज्या जवळपास निम्मी होते, ७ मीटर. शाळेत ज्या कोसाइनला आपण शिव्या घातल्या, तोच इथे पायाखाली बसून काम करतोय.

ही कंबर आली कुठून? नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात, मोर्गेडाल नावाच्या खेड्यात, सोंद्रे नोर्हाइम हा माणूस कमरेच्या स्की बनवत असे आणि टाचेभोवती वेताचा पीळ घालून त्या पायाला घट्ट बांधत असे. १८६८ मध्ये तो राजधानीतल्या स्पर्धेत उतरला आणि शहरी लोक बघतच राहिले. पुढे १९२६ मध्ये ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ लेटनरने स्कीला पोलादी कडा लावण्याचं पेटंट घेतलं, म्हणून टणक बर्फातही पकड मिळाली. गंमत अशी की कंबर इतकी जुनी, पण ती खरोखर खोल करून बघण्याचं धाडस व्हायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीत युरी फ्रांको आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असली खोल कमरेची स्की बनवली, आणि थोड्याच वर्षांत जुन्या सरळ स्की दुकानांतून नाहीशा झाल्या. त्या जुन्या स्कींची बाजू चाळीस-चाळीस मीटरच्या वर्तुळाची असे; त्यांना वळवायला कसब लागे आणि वर्षं लागत. आज भाड्याने मिळणारी साधी स्कीसुद्धा तुमच्यासाठी निम्मं काम करून बसलेली असते. पूर्वीच्या सुट्टीखोर स्कीपटूला हे सांगितलं असतं तर त्याला ती लबाडी वाटली असती.

मग अडतं कुठे? तुमच्यापाशी.

उंचीवर माणसाला उभं करून केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते : कड जवळ आली की माणूस घोट्यातून ताठ होतो आणि नकळत कडेपासून मागे झुकतो. हा लाखो वर्षांचा शहाणपणा आहे. कड्यावर उभं असताना तो जीव वाचवतो. पण स्कीवर? मागे झुकलात की वजन टाचांवर जातं, स्कीची पुढची बाजू हलकी होते, आणि वळणाची सुरुवात करणारी हीच बाजू हवेत तरंगू लागते. आता स्कीला वळायचंच नाही. ती सरळ खाली धावते, वेग वाढतो, भीती वाढते, तुम्ही आणखी मागे झुकता. शिवाय खुर्चीविना बसल्यासारखी ही अवस्था सगळा भार मांड्यांवर टाकते. दुपारपर्यंत पाय थरथरू लागतात. पाठीवर पडताना गुडघा पिळवटून आतला स्नायुबंध तुटण्याचा मोठा धोकाही याच बसक्या अवस्थेत असतो. बूट स्कीला अडकवून ठेवणारं बाइंडिंग सुटून नडगीचं हाड वाचतं. गुडघ्याच्या बाबतीत तितकी खात्री नसते.

आता सगळ्यात मोठं आश्चर्य. उतारावर ‘सरळ उभं’ म्हणजे काय? झाडांकडे बघून तुम्ही सरळ उभे राहता. पण १५ अंशांच्या उतारावर जो झाडासारखा सरळ आहे, तो आपल्या स्कींच्या मानाने १५ अंश मागे कललेला असतो! आणि पुढचं ऐका. स्की मोकळ्या सोडून वेग घेताना हातात दोऱ्याला बांधलेला एक छोटा दगड धरला आहे, असं समजा. घर्षण आणि वारा बाजूला ठेवले, तर तो दगड जमिनीच्या पोटाकडे लटकणार नाही. तो उताराला काटकोनात लटकेल. वेग वाढत असतो तेव्हा तुमच्या शरीरापुरता ‘खाली’ हा शब्दच फिरलेला असतो. म्हणून प्रशिक्षक ज्याला पुढे झुकणं म्हणतो ते वास्तविक झुकणं नसतंच. ते नव्या ‘खाली’च्या हिशेबाने नीट उभं राहणं असतं. बुटाच्या पुढच्या जिभेवर नडगी टेकलेली जाणवली, की समजा जमलं.

वेगाचं काय? त्याच १५ अंशांच्या उतारावर, सगळे अडथळे बाजूला ठेवले तर, शून्यातून चार सेकंदांत तुमचा वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास जातो. घाबरायला पुरेसा आहे. पण उताराची सगळ्यात तीव्र दिशा सोडून ६० अंश आडवे गेलात, तर तुम्हाला खाली ओढणारं बळ निम्मं होतं. पुन्हा तोच कोसाइन! पूर्ण आडवे गेलात की ते संपतं, आणि वळण आणखी थोडं वर नेलंत तर डोंगरच तुम्हाला थांबवतो. म्हणजे ब्रेक होता, तो स्कीत नव्हता. तुमच्या वळणाच्या आकारात होता. घाईघाईने अर्धवट वळण सोडून पुढचं घेणारा माणूस भरधाव जातो. वळण सावकाश पुरं करणारा त्याच उतारावर रमतगमत उतरतो.

हे सगळं लक्षात ठेवून उतरायचं कसं? गुडघा, घोटा, खांदा, कंबर... एवढी यादी डोक्यात घेऊन कुणी उतरत नाही. इथे मानसशास्त्रातला एक प्रयोग मदतीला येतो. १९९८ मध्ये गाब्रिएल वुल्फ आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्कीसारख्या हलणाऱ्या यंत्रावर लोकांना उभं केलं. काहींना सांगितलं, बाहेरच्या पायाने जोर लावा. काहींना सांगितलं, पायाखालच्या फळीच्या बाहेरच्या चाकांवर जोर लावा. चाकं पायाच्या अगदी खालीच होती. क्रिया एकच, फरक फक्त लक्ष कुठे आहे याचा. तरीही चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगलं शिकले. काही सेंटिमीटरांनी लक्ष हललं, आणि शिकणं बदललं! तेव्हा पुढच्या वेळी गुडघ्याचा विचार सोडा. वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या स्कीची आतली कड बर्फाला कुठे चावतेय, तिचा आवाज खरखरीत आहे की स्वच्छ ‘सर्र’, एवढंच ऐका. शरीर बाकीचं पाहून घेतं.

माझं मत विचाराल तर सुट्टीतल्या स्कीपटूचं सगळ्यात मोठं नुकसान मोठ्या उतारांच्या मोहाने होतं. गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवात डोंगराच्या अंगावर, जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेतो. वर न दाबलेलं खोल हिम आहे, हिमस्खलनाचा धोका आहे, हवा विरळ आहे. तिथून फोटो काढा आणि पाळण्यातूनच खाली या. शिकायचं ते अशा उतारावर जिथे थोडा कंटाळा येतो, कारण भीती नसते तिथेच शरीर नवं काही करून बघतं. आणि रात्री झोपा नीट : आदल्या दिवशी शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. काल न जमलेलं वळण आज सकाळी आपोआप जमलं, यात चमत्कार कमी आणि मेंदूचं रात्रपाळीचं काम जास्त असतं.

एक सराव मात्र पहिल्याच दिवशी करा. उताराला आडवे उभे राहा, दोन्ही स्की वरच्या कडांवर. आता घोटे दरीच्या बाजूला किंचित सैल करा, जेमतेम. कड सुटते, आणि तुम्ही आडवेच, हळूच, खाली घसरता. घोटे पुन्हा डोंगराकडे वळवा : थांबलात. सोडा, घसरा, वळवा, थांबा. ही हालचाल जमली की तुमच्या आवाक्यातला असो वा नसो, दाबलेल्या हिमाचा जवळपास कुठलाही उतार एकही वळण न घेता, आडव्यानेच उतरता येतो, आणि चुकून अवघड जागी पोहोचलेले अनुभवी लोकही अगदी हेच करतात.