डॉक्टर येईपर्यंत

पारनेर तालुका कोरडवाहू. वाड्यावस्त्या लांब लांब. शेळी म्हणजे गरिबाची गाय, आणि दारातलं कुत्रं म्हणजे घराचा राखणदार. त्यांना अचानक काही झालं, तर डॉक्टर यायला वेळ लागतो. मधल्या वेळात काय करावं, ते आम्ही इथे सांगतो.

जखमेतून रक्त वाहत असेल, तर स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर दाबून धरा. दहा मिनिटं हात काढू नका. सारखं उचलून पाहिलं, की थांबलेलं रक्त पुन्हा सुटतं. जखमेत राख, चुना किंवा तिखट भरू नका. कुत्रं पाळलेलं असलं तरी दुखलं की चावतं. म्हणून आधी मऊ पट्टीने त्याचं तोंड बांधा. मात्र उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल, तर बांधू नका.

शेळीची डावी कूस फुगली, तर तिला उभी ठेवा. पुढचे पाय उंचवट्यावर घ्या. बळेच तेल पाजू नका. ते श्वासनळीत गेलं, तर शेळी दगावते. पावसाने ओढ दिली, की कोवळ्या ज्वारीत विष वाढतं. शेळी त्यात शिरली, तर लगेच बाहेर काढा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

पिसाळलेलं कुत्रं जनावराला चावलं, तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. माणसाला चावलं, तरी असंच धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. ही लस लुई पाश्चर यांनी १८८५ साली माणसाला प्रथम दिली. रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर मात्र उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून घरच्या कुत्र्याला दर वर्षी लस टोचून घ्यावी.

माणसाच्या गोळ्या जनावराला देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

आता तयारी. एका डब्यात धुतलेली फडकी, पट्टी, कात्री, साबण, मीठ आणि बॅटरी ठेवा. झाकणावर डॉक्टरांचा नंबर आणि १९६२ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत. आपण लिहायला शिकलो आहोत. तर हे झाकण आजच, आपल्या हाताने लिहावं.