चेरोकी ‘आ’चा संकेतांक

लिपी
उत्तर अमेरिकेतील चेरोकी लोकांची लिपी सेक्वोया यांनी १८२१च्या सुमारास सिद्ध केली. त्यांना स्वतःला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते. १८२८ मध्ये न्यू एकोटा येथे या लिपीतील मजकूर छापणारे ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र निघाले. आजच्या ८५ अक्षरांपैकी ‘स’ वगळता प्रत्येक अक्षर एका पूर्ण उच्चारावयवाचे आहे. त्यातले ‘आ’ हे अक्षर रोमन कॅपिटल ‘डी’सारखे दिसते.

संकेतांक
संगणक अक्षर ओळखतो ते क्रमांकाने, म्हणजेच संकेतांकाने. असे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोड या मानकाच्या ३.० या आवृत्तीत, १९९९ मध्ये, चेरोकी लिपीचा समावेश झाला आणि ‘आ’ला ५०२४ हा क्रमांक मिळाला. रोमन ‘डी’चा क्रमांक ६८. आकार जवळपास एकच असूनही क्रमांक वेगळे, कारण संकेतांक आकाराला नव्हे, तर अक्षराच्या ओळखीला दिलेला असतो. देवनागरीशी तुलना केली तर आणखी एक भेद दिसतो. आपल्या ‘गी’साठी ‘ग’ (२३२७) आणि दीर्घ वेलांटी (२३६८) असे दोन संकेतांक लागतात; चेरोकी ‘गी’ला ५०३३ हा एकच पुरतो.

साठवण
यूटीएफ-८ पद्धतीत ५०२४ हा क्रमांक २२५, १४२, १६० अशा तीन बाइटमध्ये साठवला जातो. देवनागरीच्या नेहमीच्या संकेतांकांनाही प्रत्येकी तीनच बाइट लागतात.

लहान अक्षरांचा पेच
सर्वांत उद्बोधक भाग हा आहे. १९९९ मध्ये या लिपीत कॅपिटल-स्मॉल असा भेद धरला नव्हता. जुन्या छपाईत मात्र तो आढळतो. त्यामुळे २०१५ मध्ये, ८.० या आवृत्तीत, लहान अक्षरे स्वतंत्रपणे दाखल झाली. आधीच्या अक्षरांना कॅपिटल ठरवण्यात आले आणि लहान ‘आ’ला ४३८८८ हा दूरचा क्रमांक मिळाला. शोध घेताना लहान-मोठा भेद पुसण्यासाठी इतर लिप्यांत सर्व अक्षरे सामान्यतः लहान रूपात आणली जातात; हे त्यांचे तुलनारूप. चेरोकीत तसे केले असते, तर १९९९पासूनच्या मजकुराचे तुलनारूप बदलले असते. आणि एकदा ठरलेले तुलनारूप बदलायचे नाही, हे युनिकोडचे वचन आहे. म्हणून चेरोकीत उलट केले जाते : ४३८८८चे तुलनारूप ५०२४ धरले जाते. अपवाद पत्करून जुना मजकूर सुरक्षित ठेवला, हे योग्यच झाले.

उपयोग
मॅक संगणकांत २००३ मध्ये चेरोकी फॉन्ट आला, तर २०१० मध्ये आयफोनवर ही लिपी उमटू लागली. संकेतांक निश्चित असल्यामुळे एका यंत्रावर लिहिलेला निरोप दुसऱ्यावर तसाच वाचता येतो. पूर्वी खास फॉन्ट वापरून रोमन अक्षरांवरच चेरोकी आकार चढवत. तो फॉन्ट नसला की वाचकासमोर निरर्थक रोमन अक्षरे येत.

मर्यादा
संकेतांक असला तरी फॉन्टमध्ये आकार नसेल, तर पडद्यावर रिकामी चौकट दिसते. जुन्या फॉन्टमध्ये लहान अक्षरे नाहीत. एखाद्या प्रणालीने मजकूर लहान अक्षरांत बदलला, की नेमके हेच घडते. चेरोकीतील स्वरांची लांबी आणि सूर मूळ लिपीतच दाखवले जात नाहीत, त्यामुळे संकेतांकातही ते येत नाहीत. रोमनशी असलेल्या साम्याचा गैरवापर करून फसवे संकेतस्थळ-नाव रचण्याचा धोकाही आहे. त्यावर एकाच नावात दोन लिप्यांची सरमिसळ रोखणे आणि सारखी दिसणारी नावे ताडून पाहणे हे उपाय आहेत; चेरोकी अक्षरांवर सरसकट बंदी घालणे अन्यायाचे ठरेल.