राज्यशास्त्राची बाराखडी : चवदार तळ्याच्या काठावरून

राज्यशास्त्र म्हणजे निवडणुका, पक्ष आणि सत्तेची रस्सीखेच, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः माणसांनी एकत्र कसे राहावे, आज्ञा कोणी द्यावी आणि ती इतरांनी का पाळावी, या प्रश्नांचा तो शास्त्रीय विचार होय. त्यातील मूलभूत संकल्पना समजून घेण्यास महाडच्या चवदार तळ्याइतके जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. त्यानुसार सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याला हात लावण्याचे धैर्य कोणास झाले नाही. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि वाद न्यायालयात गेला. अखेर १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

या घटनाक्रमात राज्यशास्त्राची सारी बाराखडी सामावली आहे. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक होत. शासन हा त्यांपैकी केवळ एक घटक; शासने बदलतात, राज्य टिकते. ठराव करणारी नगरपालिका शासनव्यवस्थेचा भाग होती. परंतु पाणी अडविणारी सत्ता रूढीची होती आणि तिला कोणीही निवडून दिले नव्हते. कागदावरील सवलत आणि हक्क यांतील भेदही येथेच उमगतो. समाज ज्याला मान्यता देतो आणि राज्य ज्याचे रक्षण करते, तोच खरा हक्क.

विचारसरणी म्हणजे या वास्तवाकडे पाहण्याच्या निरनिराळ्या दृष्टी. परंपरावादी म्हणेल, जुन्या चालीरीतींना हात लावू नका. उदारमतवादी म्हणेल, कायद्यापुढे प्रत्येक व्यक्ती समान असली पाहिजे. मार्क्सवादी विचारेल, पाणी मागणारा कोणाच्या शेतावर राबतो? पोट ज्याच्या हाती, त्याच्याशी हक्काची भाषा कशी बोलणार? बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मोल जाणले. म्हणूनच १९४७ मध्ये त्यांनी संसदीय लोकशाहीबरोबरच शेती आणि पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी योजना मांडली. मात्र हुकूमशाहीचा मार्ग त्यांनी नाकारला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी स्पष्ट केले की, समतेविना स्वातंत्र्य मूठभरांचे वर्चस्व निर्माण करते, स्वातंत्र्याविना समता व्यक्तीची उमेद मारते आणि बंधुता नसेल तर ही दोन्ही मूल्ये टिकविण्यास शिपाई उभा करावा लागेल. महाडचा अनुभव याहून वेगळा नव्हता. ठराव होता, बंधुता नव्हती.

आज संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नामनिर्देश आहे. तळ्याकाठचा संघर्ष देशाचा कायदा झाला. पण मतपेटीत समान असलेली माणसे वस्तीत, नोकरीत, विवाहात समान आहेत काय? वसतिगृहात एका पंगतीत जेवलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी हा प्रश्न सतत विचारला पाहिजे. राज्यशास्त्राचा अभ्यास पदवीसाठी जितका, तितकाच हा प्रश्न निर्भयपणे विचारता यावा यासाठीही आहे.