वजन मुठीतून उतरवा

तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटच्या शिवारात दिवसभरात कापायचं काही ना काही निघतंच. ठिबकची नळी छाटायची असते, पोत्याची सुतळी तोडायची असते, द्राक्षाची बाग असेल तर डॉगरिज जातीच्या खुंटावर कलमही भरायचं असतं. विळा खिशात मावत नाही. घडीचा चाकू मावतो, पण जड असला की तोही घरीच राहतो. म्हणून हलकेपणा हा अशा चाकूचा पहिला गुण. प्रश्न एवढाच, की वजन कुठून उतरवायचं? बनवणारे आधी पात्यावर घाला घालतात, आणि तिथंच चुकतं.

साधा हिशेब करू. ८ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड पोलादी पट्टीचं वजन २५ ग्रॅम होतं. टोक आणि धार काढल्यावर ते २० च्या आसपास येतं. मुठीत १० सेंटिमीटर लांब, पात्याएवढ्याच रुंद आणि सव्वा मिलिमीटरच्या आतल्या दोन पोलादी पट्ट्या असल्या, तर त्यांचेच ३८ ग्रॅम भरतात. त्या ॲल्युमिनियमच्या केल्या की १३ ग्रॅमवर काम भागतं. अख्खं पातं काढून टाकलं तरी एवढी बचत होत नाही! फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलनं बनवलेल्या चाकूत तर मुठीत धातूच्या पट्ट्याच नाहीत, सलग लाकडात नुसती खाच आहे. त्याचा ८ नंबरचा चाकू साडेआठ सेंटिमीटरचं पातं घेऊनही ५० ग्रॅमच्या आसपास राहतो. मात्र लाकूड पावसात फुगतं आणि पातं अडकतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासाठी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची मूठ मला जास्त पटते.

हलका म्हणजे लेचापेचा, ही शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर पात्याच्या जाडीत नाही, सांध्यात आहे. पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्याभोवतीची चकती १० मिलिमीटर व्यासाची असेल आणि तिथं ०.१ मिलिमीटर फट राहिली, तर ८ सेंटिमीटरवरचं टोक जवळपास ०.८ मिलिमीटर हलतं. चकती निम्मी केली की हेच हलणं दुप्पट होतं. म्हणजे खिळीपाशी दोन-तीन ग्रॅम वाचवणं महागात पडतं. पातं उघडल्यावर पक्कं राहणं ही वेगळी गोष्ट. ओपिनेलला त्यासाठी फिरती कडी बसायला १९५५ साल उजाडलं. जोर लावताना चाकू बोटांवर मिटू नये असं वाटत असेल, तर अशा कडीचं वजन बिनतक्रार सोसावं.

जाड पात्याची बाजू घेणारे म्हणतील, पातळ पातं मोडेल. ३ मिलिमीटरचं पातं २ वर आणलं की त्याचा ताठपणा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली येतो, हे खरं. पण ताठपणा लागतो उचकटायला, आणि उचकटायला पहार असते. कापताना जाडी आडवीच येते. कलमाच्या चाकूची धार तर बहुधा एकाच बाजूनं काढलेली असते, कारण काप सपाट आला तरच खुंट आणि काडीच्या सालीखालचे थर एकमेकांना भिडतात.

राहता राहिला कायदा. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत होते, आणि त्यातूनही घरगुती व शेतीची अवजारं वगळली आहेत. ८ सेंटिमीटर म्हणजे जेमतेम सव्वातीन इंच. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाई आदेश लागू असेल, तेव्हा चाकू खिशात घालून बाजारात जाऊ नये.