केपच्या त्रिकोणाचे खरे-खोटे

जगातले पहिले त्रिकोणी टपाल तिकीट केप ऑफ गुड होप या ब्रिटिश वसाहतीने १ सप्टेंबर १८५३ रोजी काढले. एक पेनीचे विटकरी, चार पेन्सचे निळे. चित्र वसाहतीचे सर्व्हेयर-जनरल चार्ल्स डेव्हिडसन बेल यांचे: जहाजाच्या नांगरापाशी बसलेली ‘आशा’. निरक्षर टपाल कामगारांना वसाहतीची पत्रे चटकन वेगळी काढता यावीत म्हणून हा आकार, असे सांगतात. गोष्ट छान आहे. मला ती जरा जास्तच छान वाटते.

छपाई लंडनच्या पर्किन्स बेकन यांची, म्हणजे जगातले पहिले टपाल तिकीट ‘पेनी ब्लॅक’ छापणाऱ्यांचीच. पोलादात रेषा कोरायच्या, खोबणीत शाई भरायची आणि ओलसर कागद दाबून ती उचलायची. म्हणून अस्सल तिकिटावरची रेघ किंचित उठलेली असते. तिरप्या उजेडात भिंगाखाली ती कळते. एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांचे अल्बम भरायला ज्या स्वस्त नकला निघाल्या, त्या बहुतेक लिथोग्राफीच्या. शाई सपाट, चेहरा बावळट, मागची बारीक नक्षी गिचमिड. कागदात नांगराचे जलचिन्हही नाही. तिकीट काळ्या थाळीत पालथे ठेवून लायटरच्या इंधनाचे दोन थेंब टाकले की निकाल लागतो.

खरी पंचाईत १८६१ पासून. लंडनहून येणारा साठा संपत आला, तेव्हा केप टाउनच्या सॉल सॉलोमन यांच्या छापखान्याने तात्पुरती तिकिटे छापली. धातूचे ओतीव ठसे लाकडावर बसवलेले, म्हणून संग्राहक त्यांना ‘वुडब्लॉक’ म्हणतात. चौसष्ट ठसे जुळवताना कुणाचा तरी घोळ झाला: चार पेन्सचा एक ठसा पेनीच्या संचात गेला, पेनीचा एक चार पेन्सच्या संचात. लाल चार पेन्स आणि निळी पेनी अशी दोन विपरीत तिकिटे जन्मली आणि नकलाकारांची दिवाळी सुरू झाली. कारण इथे अस्सलच ओबडधोबड. जलचिन्ह नाही, चेहराही बावळट. वरच्या साऱ्या कसोट्या बाद.

उरतात दोन गोष्टी. एक, कागद: अस्सल वुडब्लॉक उजेडात धरले की कागदात समांतर रेघा दिसतात. दुसरी मला अधिक आवडते. चुकीचा ठसा प्रत्येक संचात एकच होता. म्हणजे त्या चुकीची सगळी अस्सल तिकिटे एकाच ठशाची लेकरे. त्या ठशाचे व्यंग प्रत्येकावर त्याच जागी हवे. अस्सलाच्या मोठ्या छायाचित्राशी ताडून पाहायला चिकाटी लागते, पण रंगापेक्षा हा पुरावा भक्कम.

त्यात अधिकृत पुनर्मुद्रणांची भर. १८८३ मध्ये वुडब्लॉक पुन्हा छापली गेली, ती रेघा नसलेल्या कागदावर. १९४०-४१ मध्ये परवानगीने आणखी छपाई झाली, गडद रंगात आणि जाड पुठ्ठ्यासारख्या कागदावर. ही नकली नव्हेत; पण अस्सल म्हणून विकली की फसवणूकच. अतिनील दिव्याखाली युद्धोत्तर काळातला पांढरा कागद अनेकदा निळसर चमकतो. ही पुनर्मुद्रणे त्याआधीची, त्यामुळे तिथे दिवा मुका. मोठी रक्कम मोजायची असेल तर रॉयल फिलाटेलिक सोसायटी, लंडनच्या तज्ज्ञ समितीचा दाखला मागावा. ही समिती १८९४ पासून हेच काम करते आहे.

बोअर युद्धातल्या माफेकिंगच्या वेढ्याची तिकिटेही अशीच फसवी. एप्रिल १९०० मध्ये तिथे सायकलवरचा कॅडेट गुडइयर आणि वेढलेल्या शहराचे सेनानी बेडन-पॉवेल यांची निळी तिकिटे इमारतींच्या नकाशांच्या निळ्या प्रती काढतात तशा पद्धतीने निघाली. प्रतिमा कागदाच्या धाग्यांतच उमटलेली, वर शाईचा थर नाही. भिंगाखाली शाईचे ठिपके दिसले तर तिकीट परत करावे. त्याच शहरातली जुन्या तिकिटांवर ‘माफेकिंग बिसीज्ड’ छापलेली मालिका जास्त धोक्याची: तिकीट खरे, फक्त वरची अक्षरे खोटी.

याच युद्धाचा एक धागा आपल्याकडे येतो. पकडलेल्या हजारो बोअरांना हिंदुस्थानात आणले, त्यांतले बरेच अहमदनगरला ठेवले. त्यांची पत्रे तपासणीचे शिक्के खाऊन जात. आज त्या पाकिटांना तिकिटापेक्षा शिक्क्यांमुळे भाव येतो. शिक्का बनवणे तिकिटापेक्षा सोपे, म्हणून घेणाऱ्याने पाकिटावरच्या नावापासून सुरुवात करावी. ब्लूमफाँटेनच्या युद्धसंग्रहालयात कैद्यांच्या नोंदी आहेत; ते नाव कोणत्या छावणीत होते आणि तारीख त्याच्याशी जुळते का, हे आधी पाहावे, भाव नंतर विचारावा.